उतरणीची वेल

बोईसर
ता. ३० सप्टेंबर १९८५

तीर्थस्वरूप दादास,

शालूचा साष्टांग नमस्कार. आईला, सुलूवहिनीला आणि पानमळ्यातल्या वेलींनाही. इकडे मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणजे सध्या मी समोर येईल त्याच्या अंगावर धावून जाते.

तू नेहमीसारखा म्हणशील, बोईसर ते आपलं पालघरजवळचं माहीम असं कितीसं लांब, त्यात ही टेलिफोनात नोकरीला, मग पत्रं कसली लिहिते? अरे, टेलिफोनात आहे म्हणूनच लिहिते. मी फोन केला तर माझ्या शेजारच्या खुर्चीत चंद्रकांता बसलेली असते आणि तू पोस्टात उभा, तुझ्या मागे निम्मं गाव. आपलं बोलणं दोन्ही टोकांना ऐकलं जातं. कागद बिचारा चुगली करत नाही.

तर ऐक. इथे कारखान्यांचं पीक आलंय. आज पाटी लागते, उद्या भोंगा वाजतो आणि परवा त्यांना सुरत, मद्रास आणि कलकत्ता एकाच वेळी पाहिजे असतं. आमचा ट्रंकचा बोर्ड तेवढाच, तारा तेवढ्याच, बायका मात्र कमी झाल्यात, कारण एक बाळंतपणाला गेलीय आणि एकीची बदली झाली. सगळे दिवे एकदम पेटलेले असतात. एकाला लाइन जोडावी तर दुसरा बोंबलतो. काल एक मॅनेजर मला म्हणाला, "मॅडम, आप सो रही हैं क्या?" मी म्हटलं, "नहीं साहब, आपके लिए लोरी ढूँढ रही हूँ." त्याने तक्रार केली. साहेबांनी बोलावून घेतलं. मी साहेबांनाही ऐकवलं आणि मग बाहेर येऊन रडले, मग रडल्याचा राग आला म्हणून चंद्रकांताशी भांडले. ती गरीब नुसती डबा उघडून बसली होती.

झोपेतसुद्धा मी नंबर विचारते असं घरमालकीण सांगते.

पण दादा, मजाही येते, हे तुला सांगितलंच पाहिजे. तारापूरकडचा एक मच्छीमार आहे, नवशा नावाचा. त्याचा धाकटा भाऊ वेरावळला बोटीवर असतो. नवशा एस.टी.ने येतो, इथल्या बूथमधून कॉल लावतो, आणि लाइन इतकी खरखरते की दोघांना एकमेकांचं काही कळत नाही. मग बूथमधून मला ओरडतो, "बाय, तूच सांग त्याला, तुजा आवाज पोचतो. माजा नाय पोचत." मग मी इकडून ओरडते, "जाळी मिळाली का? जाळी! आई विचारते, जेवतोस का?" आणि तिकडून ऐकून याला सांगते. सगळा बोर्ड हसतो. परवा त्याने सुके बोंबील आणून दिले. चंद्रकांता नाक दाबून बसली, मी मात्र घरी नेऊन भाजले.

डॉक्टरांकडे जाऊन आले. म्हणाले, ताण आहे, विश्रांती घ्या, आणि एक लाल टॉनिक दिलं. दिवाळीला चार दिवस येते. वहिनीला म्हणावं, मी उठेपर्यंत कुणी उठवायचं नाही, अभ्यंगस्नान दुपारी झालं तरी नरकात जायची माझी तयारी आहे.

तुझी रागीट बहीण
शालू


बोईसर
ता. २७ नोव्हेंबर १९८५

तीर्थस्वरूप दादास,

सा. न. सुखरूप पोचले. वहिनीने बांधून दिलेली केळी वाटून संपली. आईला सांग, तान भागली.

हा विनोद तुमच्याकडे अजून चालू असेल. मी आल्या आल्या सांगितलं की डॉक्टर म्हणतात ताण आहे, आणि आई लगेच उठली, "तान लागली तं पानी पी गो पोरी, नायतं शहाळं फोडून देते." आपल्याकडे ताण काय आणि तहान काय, दोन्हीला एकच शब्द. चारही दिवस तिने मला शहाळ्यांवर शहाळी पाजली. तू हसत होतास, मीही हसले.

आता मी ठीक आहे. चिडत नाही. मॅनेजर ओरडला तर "हो साहेब, प्रयत्न करते" म्हणते. त्याला वाटतं मी सुधारले. साहेब खूश आहेत. रडूही येत नाही. चंद्रकांता म्हणते, दिवाळीने जादू केली. रात्री झोप लागते, सकाळी उठते, उठल्यावरही झोपले नव्हते असंच वाटतं, पण ते हवेचं असेल. इकडे कारखान्यांचा वास फार येतो.

नवशा येऊन गेला. लाइन खराब होती. तो म्हणाला, तू सांग. मी म्हटलं, लाइन खराब आहे, उद्या लावा. त्याला दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं. आला बिचारा.

आणखी विशेष काही नाही. लिहायला बसले की पूर्वी कागद पुरायचा नाही, आज अर्धा कोरा राहतोय. आईला माझी काळजी करू नको म्हणावं.

तुझी
शालू


बोईसर
ता. २० फेब्रुवारी १९८६

तीर्थस्वरूप दादास,

शालूचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नेहमीपेक्षा दुप्पट मोठं आणि त्यातलं निम्मं आमच्या एक्सचेंजमधल्या त्या बाईला शिव्या घालण्यात गेलेलं. "आवाज लोण्यासारखा, पण निरोप पोचवायची अक्कल नाही," हे तू लिहिलेलं मी दोनदा वाचलं. त्या बाईचा बंदोबस्त करते. आधी बाकीच्या बातम्या.

पालघरच्या जागेचं तुला कळलंच आहे. सुपरवायझर म्हणून जायचं, मार्चपासून. माझा होकार या महिनाअखेर कळवायचा आहे. साहेबांनी शिफारशीत काय लिहिलंय ठाऊक आहे? "स्वभाव शांत." पुन्हा वाच. शांत, आणि मी. शाळेत ज्या पोरीने मास्तरांची छडी मोडून विहिरीत टाकली तिच्याबद्दल सरकारी कागदावर हे लिहून आलंय. तू लिहितोस, आई म्हणते देवाने सद्बुद्धी दिली. सगळे खूश आहेत. तू म्हणतोस, चार दिवस ये, झोप काढ, वेलींच्या उतरणीच्या कामाला हात लाव, आणि मग घराजवळची जागा पटकन घेऊन टाक.

दादा, मी ती जागा घेणार नाही. म्हणजे आत्ता घेणार नाही. पत्र फाडू नकोस, पुढे वाच.

जानेवारीत नवशा आला होता. दुपारची वेळ, बोर्डावर गर्दीही नव्हती. वेरावळची लाइन लागली, आणि त्या दिवशी एरवी कधी नव्हे इतकी स्वच्छ लागली. पलीकडून भाऊ "दादा, बोल, बोल" म्हणतोय आणि नवशा नुसता श्वास घेतोय. मी घड्याळावर लक्ष ठेवून होते. वेळ संपली तशी मी मध्ये म्हटलं, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" तेव्हा नवशा म्हणाला, "बाय, तूच सांग त्याला. आय गेली आमची. माज्या तोंडातून नाय निघत."

मी सांगितलं. पलीकडच्या पोराला म्हटलं, "तुमची आई वारली. तीन मिनिटं झाली आहेत, कॉल वाढवायचा का?"

ज्या आवाजात मी नंबर विचारते त्याच आवाजात म्हटलं. अडखळले नाही. चंद्रकांताने कानावरचा हेडफोन काढला आणि तोंडाला पदर लावला. मी तिकिटावर वेळ लिहिली, पुढचा दिवा घेतला आणि सुट्टी झाल्यावर डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती. पूर्ण खाल्ली.

जिची "आई विचारते, जेवतोस का" अशी हाक मी त्या समुद्रापलीकडे इतक्यांदा दिली, ती म्हातारी मेली आणि मला काहीच झालं नाही. वाईट वाटलं नाही, आणि वाईट वाटलं नाही याचंही वाईट वाटलं नाही. तेव्हा मी घाबरायला हवं होतं. घाबरलेही नाही.

चंद्रकांता संध्याकाळी माझ्याबरोबर चालत आली. म्हणाली, "शालू, राग मानू नकोस, पण तू उतरणीला लागलीस." ती पुण्याकडची. तिच्या म्हणण्याचा अर्थ एवढाच की माझं आता संपत आलंय, वय झालं, जोर गेला. दुसरी कुणी असती तर तिच्याशी बोलायची बंद झाली असती. आणि मी रस्त्यात उभी राहून हसायला लागले. कितीतरी महिन्यांनी हसले असेन. तिला वाटलं, हिचं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं, "अगं बाई, आमच्याकडे पानमळ्यात उतरण करतात, ती वेल संपल्यावर करत नाहीत. पुन्हा सुरू व्हायला करतात."

त्या दिवसापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. आता तू मला मळ्यातलं शिकवू नकोस, मी तुला शिकवते, कारण तुझा पहिला मळा मला आठवतो. बाबा आजारी होते आणि तू मिशी फुटल्याच्या तोऱ्यात सगळं हातात घेतलंस. वेलीची पानं बारीक यायला लागली, तिखटपणा गेला, बाजारात कुणी घेईना. तू म्हणालास, पाणी कमी पडतंय. पाट सोडलेस. पानं आणखी बारीक झाली, तू आणखी पाणी दिलंस. मुळं कुजली तेव्हा बाबांना उचलून मळ्यात आणावं लागलं. बाबा चिडले नाहीत. म्हणाले, "नरहरी, तान येगळी नि थकनं येगळं. दुपारी मान टाकते ती तानेली येल, तिला पानी दे, सांजेला उभी ऱ्हाते. ही थकलीय. हिला आता पानी नाय, माती दे."

मग आपण उतरण काढली. सगळ्या वेली आधारावरून सोडवल्या, खाली घेतल्या, बुंध्याशी वेटोळी घालून मातीत पुरल्या. तुझ्या हाताला ते जमत नव्हतं, वेल मोडायची, म्हणून ते काम मला दिलं. वर नुसता शेंडा ठेवायचा. आणि वेल नवी मुळं धरेपर्यंत, किती दिवस तरी, एक पान खुडायचं नाही, कितीही हिरवं दिसलं तरी.

दादा, सप्टेंबरात मी तानेली होते. सगळं फार होतं, काम फार, राग फार, रडू फार. पण ते माझंच होतं. मला बोर्ड आवडत होता म्हणून तर त्याच्यावरून भांडत होते. तेव्हा मला रविवारची झोप आणि चार शहाळी पुरली असती. मी दिवाळीला आले तोवर ते उलटून गेलं होतं. मी चिडत नव्हते, कारण चिडायला आत काही उरलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, बरी झाली. मीही तेच म्हटलं. डॉक्टरांकडे पुन्हा गेले तर त्यांनी तेच टॉनिक मोठ्या बाटलीतून दिलं. सगळे पाणीच घालतायत. आणि पालघरची जागा म्हणजे याच वेलीला आणखी उंच आधार बांधून देणं. घराजवळ आहे म्हणून काय झालं?

आता ती बाई.

तू फोन केलास तो मंगळवार होता. लाइन आली. "बोईसर एक्सचेंज ना? माजी भयन हाय तिकडं, शालू. जरा बोलवा." मी म्हटलं, "जागेवर नाहीत." माणूस बोलवायच्या कॉलला आम्ही हेच म्हणतो, पार्टी जागेवर नाही. तू म्हणालास, "बरं बाई, निरोप द्या तिला. आय म्हनते, उतरण काढायचीय, शालू आल्याबिगर येलीला हात लावायचा नाय. ये म्हनावं." मी म्हटलं, "निरोप देते." आणि तू म्हणालास, "उपकार झाले, बाई."

तुझा आवाज मी पहिल्या शब्दाला ओळखला होता. तुला वाटेल मी खोटं बोलले. तेव्हा मला ते खोटं वाटलं नाही. तू शालूला विचारत होतास आणि मी खुर्चीकडे पाहिलं तर शालू नव्हती. जी होती तिने खरं ते सांगितलं.

आणि तू, दादा, मला हाताला धरून शाळेत नेणारा तू, मला "बाई" म्हणालास. तुला माझा आवाज ओळखू आला नाही. तुला दोष देत नाही, त्यात ओळखण्यासारखं काही नव्हतं. पण ते "उपकार झाले, बाई" माझ्या कानात राहिलं. चार दिवसांनी भाकरी थापत होते आणि हात थांबला. मला रडू आलं. फार नाही, थोडंच. पण मला इतका आनंद झाला की भाकरी करपली तरी उठले नाही. मूळ जिवंत आहे. अजून कुजलेलं नाही.

म्हणून मी ठरवलं, आणि हे तुला विचारत नाही, सांगते आहे. सहा महिन्यांची बिनपगारी रजा टाकली आणि मंजूर करून घेतली. साहेब म्हणाले, पालघरची जागा थांबणार नाही. मी म्हटलं, नको थांबू दे. खोली सोडते आहे. सामान फारसं नाही.

तुमच्याकडून एवढंच पाहिजे. कामं सांगा, हवी तेवढी सांगा, केळीचे घड वाहीन, अंगण सारवीन, पाट सोडीन. पण कुणाशी गोड बोलायला सांगू नका. आलेल्या-गेलेल्याला पाणी द्यायला मला बाहेर बोलावू नका. गावातली मंजुळामावशी विचारील, बिनलग्नाची बहीण नोकरी सोडून का आली, तर तूच काय ते उत्तर दे, माझ्याकडून उत्तर खुडायला पाठवू नकोस. आणि मध्येच मी हसले-बोलले तर लगेच "झाली बरी, आता कधी जाणार?" असं वहिनीने म्हणू नये. पहिलं हिरवं पान दिसलं की तुझा हात शिवशिवतो, मला माहीत आहे. तो आवर.

सगळ्याच वेली धरत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. दर उतरणीला दोन-चार जातात. त्याची भीती वाटते, आणि भीती वाटते हे लिहिताना बरं वाटतं. पण मी धरेन. मी पुरलेल्या वेली फार क्वचित गेल्यात, हे बाबाही मानायचे. ऑगस्टनंतर मी बोर्डावर परत बसेन, आणि कुणा नवशाची आई जेवणाचं विचारत असेल तर समुद्रापलीकडे ऐकू जाईल अशी ओरडेन. नवशाच्या घरी मी येत्या शनिवारी जाऊन येते. काय बोलायचं ते मला माहीत नाही. बसून येईन.

रविवारी दुपारच्या गाडीने पालघरला उतरते. स्टेशनवर ये. त्याआधी फोन करू नकोस, पुन्हा ती लोण्यासारख्या आवाजाची बाई उचलेल. तू फाटकाशी उभा राहा आणि सगळ्यांदेखत नाव घेऊन मोठ्याने हाक मार. मी लगेच वळले नाही तर पुन्हा मार.

वेलीला कुणी हात लावू नका. आईचा निरोप त्या बाईने शालूला आज दिला.

सध्या जागेवर नसलेली, पण निघालेली,
तुझी
शालू